थर्माकोलच्या बैलांची खांदेमळणी

बैल पाघळतो, हे आमच्या बापूंना वयाच्या पासष्टाव्या वर्षी कळलं. तेही लातुरात, माझ्या भाड्याच्या घरात, शनिवारी दुपारी चार वाजता. त्याआधी त्यांनी बैल बिथरलेला पाहिला होता, रुसलेला पाहिला होता, विकल्यावर दावं तोडून रात्रीतून परत आलेलाही पाहिला होता. पण उभ्या बैलाचं शिंग तुपासारखं वितळून फरशीवर टपटप पडताना त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. बैल माझ्या हातचा होता, त्यामुळे या प्रकाराची सगळी कीर्ती आजही माझ्याच नावावर आहे.

मी नाटक-सिनेमाचे सेट करतो. तुम्हाला स्टेजवर जो दगडी बुरूज दिसतो, देवळाचा काळाभोर खांब दिसतो, अंगणातला आड दिसतो, ते सगळं थर्माकोल असतं. गरम तारेनं कापायचं, कटरनं कोरायचं, घासायचं, वर डिंकानं कागदाचे थर द्यायचे आणि असा रंग मारायचा की बघणाऱ्याला वाटावं, याला टेकलं तर पाठ सोलवटेल. या कामात मला तोड नाही, असं माझं तेव्हा मत होतं. (आजही आहे, पण आता मी ते घरात मोठ्यानं बोलत नाही.) एकदा मी इतकं हुबेहूब जातं केलं होतं की सासूचं काम करणाऱ्या बाई स्वतःच फसल्या. पहिल्या प्रवेशात जोर लावून, दातओठ खाऊन त्यांनी ते ओढलं. दुसऱ्या प्रवेशात विसरल्या आणि तेच जातं काखेत मारून आत निघून गेल्या. टाळ्या सगळ्यात जास्त त्यालाच पडल्या!

उमरी तालुक्यातल्या आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. पदवी चित्रकलेची. नांदेडला कॉलेजात होतो तेव्हा दर सोमवारी एसटीच्या कंडक्टरच्या हाती माझ्यासाठी भाकरीचं गाठोडं यायचं. चार वर्षांत एक सोमवार चुकला नाही. हे ऋण मी विसरलेलो नाही आणि त्याबद्दल थट्टाही करणार नाही. पण पदवीचा कागद मी बापूंच्या हातात दिला तेव्हा त्यांनी तो पुढून पाहिला, उलटा करून मागून पाहिला आणि विचारलं, "मंग आता नौकरी कधी लागंल?"

त्याला बारा वर्षं झाली. कागद पिवळा पडला, प्रश्न अजून ताजा आहे.

गावात पारावर कुणी बापूंना विचारलं, "दत्ता काय करतो?" की बापू सांगायचे, "लातूरला असतो."

"हाव, पन करतो काय?"

"सांगितलं ना, लातूरला असतो!"

यापुढे कुणी विचारायचं नाही. मला मात्र हे फार लागायचं. बारा वर्षांत त्यांनी माझं एकही काम डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. एकदा पाहिलं की प्रश्न आपोआप संपेल, अशी माझी खात्री होती. फक्त बापूंना समजेल असं काम हाती यायला हवं होतं. बुरूज आणि खांब त्यांच्या कामाचे नव्हते.

आणि ते आलं! आमच्या लातूरच्या हौशी मंडळींचं नाटक नांदेडच्या स्पर्धेत निवडलं गेलं. नाटकात एका शेतकऱ्याची बैलजोडी. दोन अंक ती गोठ्यात उभी असते. शेवटी तो ती विकतो. अंधार होतो, दहा सेकंदांत पुन्हा उजेड येतो, तेव्हा गोठा रिकामा. दिग्दर्शक जाधव सर दिवसा शाळेत भूगोल शिकवतात आणि संध्याकाळी सगळ्यांना छळतात. ते मला म्हणाले, "दत्ता, बैल असे पाहिजेत की पहिल्या रांगेला शेणाचा वास आला पाहिजे. आणि असे हलके पाहिजेत की अंधारात एकानं एक उचलून पळालं पाहिजे. आवाज बिलकुल होता कामा नये. शांततेत माझं सगळं नाटक आहे!"

मी म्हणालो, "सर, जिम्मा माझा."

लातुरातल्या फ्रिज-टीव्हीच्या दुकानांतून मी पॅकिंगचं थर्माकोल गोळा केलं. एकेका बैलाच्या पोटात तीन फ्रिज आणि एक वॉशिंग मशीन गेलं. आमच्या पुढच्या खोलीत पंधरा दिवस बर्फ पडत होता. पांढरे दाणे केसांत, उशीत, देव्हाऱ्यात. एकदा वरण वाढताना माझी बायको सुनीता म्हणाली, "अहो, यात जे तरंगून राहिलं ते जिरं नाही हं. बाजूला काढून खा."

पण बैल झाले! गडद लाल रंग, रुंद वशिंड, गळ्याखाली पोळी लोंबल्यासारखी, आणि डोक्यावर लांब, टोकदार, आभाळाकडे गेलेली शिंगं. शिंगांचा फोटो मी इंटरनेटवरून घेतला होता. एक बैल साडेतीन किलो. सुनीता केर काढताना त्यांना एका हातानं सरकवायची.

मी बापूंना फोन केला. "बापू, आपली ती बैलांची जुनी झूल हवी होती नाटकाला. तुम्ही आणि माय घेऊनच या. रविवारी नाटक आहे, या वेळी बघायचंच."

आमच्या शेतात ट्रॅक्टर येऊन आठ वर्षं झाली. शेवटची जोडी तेव्हाच गेली. तिचा सगळा साज मात्र बापूंनी लोखंडी पेटीत जपून ठेवलाय. (ती पेटी उघडायची परवानगी मलाही नाही.) तरी बापू लगेच म्हणाले, "येतो." आता, आमचं गाव नांदेडच्या एका बाजूला, लातूर दुसऱ्या बाजूला. म्हणजे दोघांनी शनिवारी नांदेड ओलांडून लातूरला यायचं आणि रविवारी त्याच रस्त्यानं परत नांदेडला जायचं. पण बैल आधी बघायचे होते. बैल न बघता नाटकाला कोण जातं?

शनिवारी दुपारी दोघं आले. बापूंनी पायावर पाणी घेतलं, पण ते पुसलं नाही. तसेच ओल्या पायांनी बैलांपुढे उभे राहिले. मी एका बाजूला, कौतुकाच्या तयारीत.

बापूंनी एक फेरी मारली. वशिंडावर थाप मारली. वाकून खूर पाहिले. शेपूट उचलून पाहिलं. मग बैलाच्या तोंडापाशी गेले आणि अंगठ्यानं ओठ वर करायला लागले.

"बापू, काय करून राहिलात?"

"दात बघून राहिलो."

"दात नाहीत. तोंड मिटलेलं आहे."

"मंग वय कसं कळावं?"

"बापू, तो थर्माकोलचा आहे!"

"ते दिसतंय मला. थर्माकोलचा किती वर्सांचा?"

माय म्हणाली, "अहो, उगी ऱ्हावा. लेकरानं लई गोजिरं केलंय." आणि तिनं पिशवीतून हळद-कुंकू काढून दोन्ही बैलांच्या कपाळाला लावलं.

मग बापूंनी शिंगांकडे मान वर करून पाहिलं. खूप वेळ. "दत्ता, अंग लाल कंधारीचं. शिंगं मात्र खिल्लारीची. ही जात कोन्या बाजारातून आनली रे?"

"बापू, स्टेजवर लांबून बघायचं असतं. शिंगं कुठली ते कुणाला कळतंय?"

"नाटक कुठं हाय?"

"नांदेडला."

"आन् नांदेडात कंधारीची शिंगं कळनार न्हाईत?" बापू इतक्या शांतपणे म्हणाले की मला घाम फुटला. कंधार नांदेड जिल्ह्यातच आहे, हे मी पदवीधर असून विसरलो होतो.

पण शरण जाईल तो कलाकार कसला! मी विषय बदलला आणि थर्माकोलवर व्याख्यान दिलं. "बापू, खऱ्या बैलाला खुरकूत होते, याला काही होत नाही. पावसात ठेवा, कुजत नाही. वाळवी खात नाही. आपण जाऊ, आपली नातवंडं जातील, हा बैल असाच राहील! याला काहीही लावा, काही होत नाही." हे शेवटचं वाक्य मी का बोललो, याचा विचार मी पुढे कितीतरी दिवस केला. त्या क्षणी ते फार रुबाबदार वाटलं होतं.

बापूंनी मान डोलावली. "काहीही लावलं तरी?"

"काहीही!"

आणि मी टेम्पो ठरवायला बाहेर गेलो.

इथं पंचांगातली एक गोष्ट सांगायला हवी. सोमवारी पोळा होता. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप चोळतात. म्हणजे ती रविवारी. पण रविवारी बैल नांदेडला, स्टेजवर. बापूंनी हिशेब केला आणि शनिवारीच उरकून घ्यायचं ठरवलं. आठ वर्षांनी दारात जोडी उभी होती. बिनाखांदेमळणीची ती घराबाहेर जाऊ देणं बापूंच्या स्वभावात नव्हतं.

माझ्या घरातलं तूप गेलं, हळद गेली. त्यानं काही बिघडलं नाही. अंगावर डिंक-कागदाचे थर होते, ते पक्के होते. मग बापूंनी पिशवीतून शिंगांच्या रंगाचा डबा काढला. गावाकडच्या त्या पेटीतून झुलीसोबत बाकीचा साजही ते घेऊन आले होते, त्यातच तो होता, लाल ऑइल पेंट, आठ वर्षांपूर्वीचा. झाकण उघडलं तर रंगाची खीर झालेली. अशा वेळी आमच्याकडे सगळे जे करतात तेच बापूंनी केलं. माझ्या मोटारसायकलची नळी काढून त्यात थोडं पेट्रोल टाकलं आणि काडीनं ढवळलं.

आता या धंद्यातली एकच अक्कल मी तुम्हाला फुकट देतो. थर्माकोल पावसाला भीत नाही, वाळवीला भीत नाही, काळाला भीत नाही. पेट्रोलला भितं. पेट्रोल लागलं की ते साखरेसारखं विरतं. आणि शिंगांना नि तोंडाला मी कागदाचा थर दिलेला नव्हता. बारीक कोरीवकाम बुजू नये म्हणून! (कलाकार आहे ना मी.)

मी परत आलो तर दारातच वास. आत बापू हातात कुंचला धरून खांबासारखे उभे. माय तोंडावर पदर. बैलाचं डावं शिंग केळाच्या सालीसारखं कानावर लोंबत होतं. उजव्या शिंगाच्या जागी लाल दही होतं.

"दत्ता," बापू हळू म्हणाले, "हा पाघळून राहिला रे."

"बापू, काय लावलं?"

"तूच तर म्हनला, काहीही लावा!"

दुसऱ्या बैलाचीही शिंगं रंगवून झाली होती, म्हणजे आता नव्हती. उरलेला रंग ओघळून त्याच्या डोळ्याकडे निघाला होता.

आता मी या गोष्टीत बापूंना दोष देऊन सुटू शकलो असतो. पण पुढे मी जे केलं ते सुनीतानं, मायनं आणि बापूंनी, तिघांनी पाहिलं. मी ओरडलो, "हात लावू नका! कुणीच हात लावू नका! हे माझं शिक्षण आहे!" आणि फळीवरची बाटली घेऊन, फडक्यावर ओतून, त्या दुसऱ्या बैलाचं तोंड पुसायला धावलो.

ऑइल पेंट पुसायला थिनर लागतं, हे मला कॉलेजात शिकवलं होतं. थर्माकोलला थिनर लागू द्यायचं नाही, हेही शिकवलं होतं. थिनर पेट्रोलपेक्षा जबर खातं, हेसुद्धा. फक्त हे तिन्ही धडे एकाच वेळी आठवायला हवे होते.

पहिल्या पुसण्यात डोळा गेला. दुसऱ्यात नाकपुडी. तिसऱ्यांदा फडकं गालातून आत गेलं आणि माझा हात कोपरापर्यंत बैलाच्या डोक्यात शिरला. आतून मला फ्रिजच्या कंपनीची मोहर दिसली.

खोलीत शांतता पसरली. जाधव सरांना हवी होती तशी.

मग सुनीता म्हणाली, "बापूंनी नुसती शिंगं घालवली होती. डोकं तुम्ही घालवलं."

मी फरशीवर बसलो. उद्या संध्याकाळी सहाला पडदा. वीस माणसांचं वर्षभराचं नाटक, आणि गोठ्यात बिनशिंगांची जोडी, त्यातल्या एकाला डोकंही नाही. पण खरं सांगू? त्या वेळी मला नाटकाचं तेवढं वाटलं नाही. बारा वर्षं वाट पाहून बापूंना माझं काम दाखवलं, आणि ते त्यांच्या डोळ्यांदेखत माझ्याच हातानं वितळलं. आता ते तोच प्रश्न विचारणार, आणि या वेळी माझ्याकडे उत्तर नाही, एवढंच डोक्यात होतं.

बापू म्हणाले, "उठ. प्लॅस्टिकचा पाइप हाय का घरात?"

"कसला पाइप?"

"हिरीवरच्या मोटारीचा अस्तो ना, पीव्हीसी. शिंगाएवढ्या जाडीचा."

गच्चीवर घरमालकांच्या जुन्या नळाच्या पाइपचे दोन तुकडे पडले होते. विचारून आणले. बापूंनी ते हातात तोलले, करवतीनं चार तुकडे पाडले, प्रत्येकाच्या एका टोकाला उभी चीर दिली आणि म्हणाले, "सुनीता, ग्यास लाव बाई."

आमच्याकडे शेतकऱ्याला पाइप जोडायला दुकानातली वस्तू लागत नाही. धसकटाच्या जाळावर पाइपचं तोंड धरायचं, फिरवत राहायचं, मऊ पडलं की दुसरा पाइप आत घालायचा. बापूंनी आयुष्यभर हेच केलंय. किती तापलं की वाकतं, किती तापलं की जळतं, हे त्यांना वासावर कळतं. मी चार वर्षं कॉलेजात बसलो, तिथं हे कुणी शिकवलं नाही.

त्यांनी पाइप आचेवर फिरवला, चिरेपाशी ओल्या फडक्यानं दाबून टोक निमुळतं केलं, मग गुडघ्यावर ठेवून अलगद वाक दिला. आखूड, जाडसर, दोन्ही बाजूंना सारखी वळलेली शिंगं. लाल कंधारीची! मापाला त्यांनी पट्टी घेतली नाही. डोळे मिटून हवेत हात फिरवले, जणू समोर कुणी डोकं खाली घालून उभं होतं.

"असं होतं त्याचं," ते म्हणाले. "डावीकडल्याचं जरा पुढं."

चौथं शिंग होईपर्यंत मी फक्त ओलं फडकं हातात देत राहिलो.

डोक्याचं काम माझ्याकडे आलं. गालातलं भोक कागद आणि डिंकानं बुजवलं, नवा डोळा केला. जे बुजलं नाही त्यावर मायनं साजातलं बाशिंग बांधलं, बाकी झुलीनं झाकलं. शिंगांवर तोच लाल ऑइल पेंट, पेट्रोलसकट! पाइपला काही झालं नाही. बापूंनी माझ्याकडे पाहिलं. "याला म्हनत्यात काहीही लावा."

रविवारी सकाळी टेम्पोत बैल उभे केले. अहमदपूरच्या पुढे एका धाब्यावर थांबलो, तर एका माणसानं खरंच विचारलं, "जोडी केवढ्याची?" बापू म्हणाले, "इकायची न्हाई." आणि चहा पीत राहिले.

नांदेडला पडदा उघडला. मी विंगेत, बापू आणि माय तिसऱ्या रांगेत. गोठ्यावर उजेड आला आणि मागून कुणीतरी म्हातारा एकदम बोलला, "अय, कंधारी हाय!" हॉलभर खसखस झाली, मग टाळ्या. मी पडद्याआडून बापूंकडे पाहिलं. ते शेजारच्याला काहीतरी सांगत होते. ओठांवरून कळलं, "सांगितलं होतं मी."

शेवटचा प्रवेश आला. शेतकऱ्यानं दावं सोडलं, अंधार झाला, दोघं धावले आणि बैल उचलले. आणि आवाज झाला. बापूंनी पडदा उघडायच्या आधी गुपचूप झुलीखाली पितळी घुंगरमाळा बांधल्या होत्या! जाधव सरांची शांतता! मिट्ट काळोखात घुंगरं वाजत निघाली, छुम छुम छुम, स्टेजवरून विंगेत, विंगेतून मागच्या दारानं बाहेर, दूर, अजून दूर. सरांनी माझं मनगट इतकं आवळलं की नखं उमटली.

उजेड आला. गोठा रिकामा. तिसऱ्या रांगेत माय रडत होती. दुसऱ्या रांगेत अनोळखी माणसं रडत होती. सरांनी मनगट सोडलं आणि कानात म्हणाले, "घुंगराचं मी आधीपासूनच ठरवलं होतं."

नाटक संपल्यावर एक सिनेमावाले मागे आले. त्यांना पुरात वाहून जाणाऱ्या पाच म्हशी हव्या होत्या. त्यांनी बैलाच्या शिंगाला हात लावला, वाकवून पाहिलं आणि विचारलं, "हे कुणी केलं?"

मी घसा साफ केला. बापू माझ्या आधी बोलले. "शिंगं म्या केली. बाकीचं पोरानं."

ते काम मिळालं. पाच म्हशींचं. म्हशीची शिंगं चक्रासारखी मागे वळलेली, ती पाइपमधून काढणं सोपं नाही. म्हणून बापू आता महिन्यातले दहा दिवस लातूरला असतात. माझ्या फोनवर जे फोन येतात ते विचारतात, "शिंगंवाले काका आहेत का?" मी सांगतो, आहेत, गॅसपाशी आहेत, देतो.

परवा गावी गेलो होतो. पारावर कुणीतरी बापूंना विचारलं, "दत्ता काय करतो सध्या?"

बारा वर्षांत पहिल्यांदा बापूंनी सरळ उत्तर दिलं. छाती पुढे काढून म्हणाले, "नौकरी लागली ना त्याला!"

"हाव? कुठं?"

"माझ्या हाताखाली."